मागच्या गेटची दुसरी चावी

बोरमाळ,
१७ नोव्हेंबर २०२४

आकाराम यास धरणेंद्रचा जय जिनेंद्र.

पाकिटावर माझं नाव बघूनही तू हे उघडलंस, बरं केलंस. एकोणीस वर्षांनी लिहितोय. सेलमचा पत्ता तुझ्या मेव्हणीकडून, राहीबाईकडून घेतला. आधी देत नव्हती. शेवटी म्हणाली, "दाजींनी इचारलं तर मी तुमाला वळखत बी न्हाई म्हणंन, तुमचं तुमी निस्तरा."

बातमी अशी की आपली सूतगिरणी उघडली. सूत काही निघणार नाही आता. पुण्याच्या एका कंपनीनं सगळी बारा एकर जागा घेतली आहे. तिथं लहान कारखान्यांना गाळे द्यायचे, रस्ते करायचे, वीज आणायची असा बेत आहे. ठिबकच्या नळ्या करणारा एक जण येणार म्हणतात, आणि कराडचा एक गिअरचे भाग करणारा. इतकी वर्षं वेडी बाभूळ अशी माजली होती की आटपाडी रस्त्यावरून आपलं मोठं गेटसुद्धा दिसत नव्हतं. तीन जेसीबी आठ दिवस चालले तेव्हा कुठं शेड उघडी पडली. पत्रा गंजलाय, पण खांब शाबूत आहेत.

नवव्या दिवशी एक जेसीबी सूत कोनावर गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात शिरला आणि त्याचं पुढचं चाक फरशीतून खाली गेलं. ड्रायव्हर उडी मारून बाहेर. गावात लगेच सुरू झालं, खाली भुयार आहे, कुणी म्हणालं विहीर बुजवलेली आहे. कंपनीची इंजिनिअर मुलगी आहे, सृष्टी नाव तिचं. वडूजची, कराडच्या कॉलेजात शिकलेली. ती डोक्यावर पिवळी टोपी घालून गावभर विचारत फिरली. आमच्या दारात आली तर चंदनबाला तिला म्हणाली, "आमच्या ह्यांना इचारा. चौदा वर्सं त्येच्यातच असायचे."

गेलो. मोठ्या गेटातून आत पाऊल टाकताना जरा थांबलो, खोटं कशाला सांगू. सृष्टी खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली होती. मी सांगितलं, की पोरी, हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून वरून ओली हवा सोडायची आणि खालून बोगद्यातून ओढून घ्यायची. सबंध शेडच्या पोटात हे बोगदे आहेत. तो हवेचा प्लांट मी चालवायचो.

ती म्हणाली, "काका, पुण्याच्या लोकांनी शेड पाडायचं ठरवलंय. फरशी पोकळ म्हटल्यावर मशिनं बसवायला कोण येणार? बोगदे कुठून कुठं जातात, याचा नकाशा आहे?"

"नकाशा न्हाई," मी म्हणालो, "मी हाय."

शेड राहील का पडेल ते अजून ठरलेलं नाही. सूत कातायच्या रिंग फ्रेमची जी ओळ तू जॉबर म्हणून दुरुस्त ठेवायचास, ती जिथं होती तिथं आता नुसते बोल्ट वर आलेले आहेत. तुझी आठवण झाली म्हणून लिहिलं. मनुबाई वहिनींना चंदनबालाचा नमस्कार सांग. गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या भट्टीजवळ बसून तुझे डोळे कसे आहेत?

तुझा,
धरणेंद्र

बोरमाळ,
२२ डिसेंबर २०२४

आकाराम,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं.

शेड वाचली. महिनाभर मी आणि सृष्टी रोज सकाळी बोगद्यात उतरत होतो. ती पुढं बॅटरी घेऊन, मी मागं रांगत. सदुसष्टाव्या वर्षी रांगायला लागलोय म्हणून चंदनबाला हसते. भिंतींना अजून कापसाची पिंजण चिकटलेली आहे, हात लावला की राखेसारखी झडते. खाली जिथं वळण येईल तिथं मी वर ठोकायचो आणि वरचा माणूस फरशीवर चुन्याची रेघ मारायचा. शेवटी सगळ्या फरशीवर आपले बोगदे पांढऱ्या रेघांत उमटले. कराडहून कॉलेजचे सर आले, त्यांनी तपासणी केली. तीन बोगदे भरून काढायचे, दोनांतून वायरी आणि पाण्याचे पाइप न्यायचे, असं ठरलं. पुण्याहून साहेब आले होते, त्यांनी माझा हात हातात घेतला. मी त्यांना चहा घेणार का विचारलं.

फक्त वाइंडिंगचा कोपरा तसाच पोकळ राहणार. तिथं जड मशीन चालणार नाही. हे सुलाबाईनं ऐकलं. आठवते ना, वाइंडिंगमधली, कोनावरनं भांडायची ती? ती आणि तिच्याबरोबरच्या दहाबाराजणी घरोघरी मशीन घालून डाळिंबाच्या बागांना पांघरायची कापडं शिवतात. उन्हानं फळ करपू नये म्हणून आता झाडन् झाड झाकतात. आटपाडीकडून मागणी एवढी की घरं पुरत नाहीत. ती थेट सृष्टीपुढं उभी राहिली. "शिलाईचं मशीन किती जड आसतंय? त्यो कोपरा आमाला द्या. आमचाच हाय त्यो."

कंपनी तयार आहे. पण गाळा एकट्यादुकट्याला देत नाहीत, नोंदलेली संस्था पाहिजे. तेव्हा गिरणीतला आपला जुना सोबती दादासो घरातून एक फाइल घेऊन आला. आपली कामगार सोसायटी कागदावर अजून जिवंत आहे! या माणसानं एकोणीस वर्षं दर साली तिचे कागद भरले. का, विचारलं तर म्हणाला, "बंद कर म्हून कुणी सांगितलं न्हाई."

आणि त्या कागदांवर सेक्रेटरी म्हणून अजून तुझं नाव आहे. अर्जावर तुझी सही पाहिजे. नवा सेक्रेटरी निवडायचा तर जुन्याचा राजीनामा लागतो, नाहीतर मृत्यूचा दाखला. दादासो म्हणाला, दाखला मिळाला तर बरं. तो अजून तसाच बोलतो तुझ्याबद्दल. तू मनावर घेऊ नकोस.

अर्ज सोबत जोडलाय, रजिस्टर पोस्टानं पाठवतोय. एकतीस मार्चच्या आत हवा. माझ्यासाठी करू नकोस, बायकांसाठी कर. त्या दिवसाबद्दल तुझ्या मनात काय आहे मला माहीत नाही. मी कराडला होतो, हे तुला ठाऊकच आहे.

धरणेंद्र

बोरमाळ,
१९ जानेवारी २०२५

आकाराम,

रजिस्टर परत आलं. त्यावर तमिळमध्ये काहीतरी आणि खाली इंग्रजीत, घेण्यास नकार. म्हणून हे साध्या पोस्टानं पाठवतोय. साधं पत्र नाकारता येत नाही, दाराच्या फटीतून आत पडतं. पुढं तू फाडलंस तर तुझी मर्जी. पण हे पान वाचून फाड.

परत आलेलं पाकीट घेऊन मी सुलाबाईकडं गेलो. ती अंगणात कापड बेतत होती. कात्री थांबवली नाही तिनं. म्हणाली, "काय लिवलं हुतं त्येला?"

"सही कर म्हणून लिहिलं."

"आन् मागच्या गेटचं?"

मी हातातलं पाकीट उलटं केलं. ती म्हणाली, "आवं दादा, मी बगितलं हुतं तुमाला. पोराला पानी आनायला मागल्या बाजूला गेलते तवा. एकोणीस वर्सं त्वांड बंद ठिवलं, कारन चंदनबालाताईंनी माजं बाळंतपण केलं हुतं. माजं बी पाप हाय त्येच्यात. तुमी खरं सांगितल्याबिगर त्यो कशाला सही करंल?"

तेव्हा ऐक. ज्या गोष्टीचा तुला संशय होता ती खरी आहे.

संपाचा एक्केचाळिसावा दिवस. तुम्ही सगळे मोठ्या गेटवर बसला होतात. मशिनं बाहेर नेता येऊ नयेत म्हणून मागच्या गेटला आपण कामगारांनी आपलं कुलूप घातलं होतं आणि चावी तुझ्या कमरेला होती. त्या कुलपाची दुसरी चावी माझ्या प्लांटच्या केबिनमध्ये खिळ्याला होती. घाई झाली तर असावी म्हणून मीच ठेवली होती, तुलाही बोललो नव्हतो. मॅनेजरनं मला आदल्या दिवशी बोलावलं. इचलकरंजीकडच्या एका गिरणीत सुपरवायझरची जागा आहे, म्हणाला. गिरणी काही आता चालू होत नाही, तू तुझं बघ. सकाळी सात वाजता मी मागचं गेट उघडलं. ट्रक आत आले आणि दुपारपर्यंत तुझ्या ओळीतल्या रिंग फ्रेम गेल्या.

आमची पोरगी ब्राह्मी तेव्हा बारावीला होती. हे तुला सांगून काय उपयोग, तुझीही दोन पोरं शाळेतच होती.

कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. चावी फक्त तुझ्याकडं, हे सगळ्यांना माहीत. मग दादासोनं आणि बाकीच्यांनी जे ठरवायचं ते ठरवलं, की आकाराम आतून मिळाला. त्या संध्याकाळी तू माझ्या दारात आलास. चंदनबालानं सांगितलं, ते सकाळपासून कराडला गेलेत, नातेवाईक दवाखान्यात आहेत. मी आत होतो, आकाराम. धान्याच्या कणगीमागं उभा होतो. तू विचारलंस, "वहिनी, नक्की का?" ती म्हणाली, नक्की. तिनं पाणी आणलं, तू घेतलं नाहीस. तुझ्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकला मी.

पंधरा दिवसांनी तू सेलमला गेलास असं कळलं. मी सुटलो असं वाटलं मला. हेही लिहितो.

इचलकरंजीला अकरा वर्षं नोकरी केली. हवा चांगली ठेवायचो, लोक चांगलं म्हणायचे.

क्षमा माग असं आमच्यात दर वर्षी पर्युषणात सांगतात. दर वर्षी मी सगळ्यांची मागितली, तुझी सोडून. आता मागतो. तू द्यावीस असं काही नाही. सही मात्र बायकांसाठी वेगळी समज. अर्ज पुन्हा जोडलाय.

धरणेंद्र

बोरमाळ,
१६ फेब्रुवारी २०२५

आकाराम,

तुला लिहून भागणार नव्हतं, हे मागचं पत्र पेटीत टाकतानाच कळलं. तुला बोल लावणारी माणसं इथं आहेत. म्हणून काल दुपारी शेडमध्ये बैठक होती तिथं सगळ्यांसमोर सांगितलं. जुने कामगार बत्तीस आले होते. बाकीचे वारले किंवा पोरांकडं गेलेत.

घरातून निघताना मी चंदनबालाला म्हणालो, तू राहा घरी. तिनं ऐकलं नाही. मी उभा राहिलो, हात खिशात घातले, काढले. मग सांगितलं, चावीपासून ट्रकपर्यंत. फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं बाळगलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली, याचंच मला आश्चर्य वाटलं.

वर पत्र्यावर कबुतरं चालत होती त्यांची नखं वाजत होती. तेवढ्यात चंदनबाला मागं उठून उभी राहिली. गिरणीत कधी पाऊल न टाकलेली बाई. म्हणाली, "दारात खोटं मी बोलले. आकारामभावजींनी मला दोनदा इचारलं, मी दोनदा बोलले." आणि खाली बसली.

मग दादासो उठला. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "एकोणीस वर्सं मी आकारामला शिव्या घातल्या. रोज. जेवताना, गुरांपशी, पोरांसमोर. आता त्या परत कशा घ्यायच्या, ते सांग मला." आणि निघून गेला. फाइल मात्र बगलेत घेऊन गेला. मला भीती वाटली, सोसायटीही गेली.

आज सकाळी सात वाजता तो आमच्या दारात. आत आला नाही. म्हणाला, "आकारामचा पत्ता दे. मला बी लिवायचंय." मी दिला. जाताना वळून म्हणाला, "तू लय हलकट हायस, धरणेंद्र." मी म्हटलं, व्हय. "पर रेघा बराबर मारल्यास फरशीवर," म्हणाला.

अर्जाच्या सभासदांतून मी माझं नाव काढून घेतलं. सुलाबाईनं ते मान्य केलं. बरं वाटलं, कारण तिनं नको नको म्हटलं असतं तर मी ठेवलंही असतं. पण म्हणाली, हवेचं तुमीच बगायचं, त्यात मला काय कळत न्हाई.

काल मी पोटभर जेवलो. चंदनबालाही.

धरणेंद्र

बोरमाळ,
२३ मार्च २०२५

आकाराम,

अर्ज मिळाला. तुझी सही जिथं हवी तिथंच आहे, पूर्वीसारखीच, आकारामच्या आ ची शेपटी लांब ओढलेली. पाकीट झटकून बघितलं, आत दुसरा कागद नव्हता. चालेल.

सृष्टीनं तो त्याच दिवशी कंपनीकडं दिला. परवा मंजुरी आली. सुलाबाईनं सगळ्यांना पेढे वाटले. मला दोन दिले, दुसरा कशाचा ते बोलली नाही.

काल मनुबाईंचा फोन आला चंदनबालाला. दोघी तासभर बोलत होत्या, त्यातला अर्धा तास रडत होत्या असं बाहेरून वाटलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? "त्यांच्याकडं सेलमला चांगली वांगी मिळत न्हाईत," एवढंच सांगितलं.

दादासोच्या पत्राचं उत्तर तू दिलंस म्हणे. तो ते खिशात घेऊन फिरतो, दाखवत नाही कुणाला.

गाळा अक्षय्य तृतीयेला सुरू करायचा आहे. येशील का, हे मी विचारत नाही. सुलाबाई विचारणार आहे.

धरणेंद्र

बोरमाळ,
८ जून २०२५

प्रिय आकाराम,

तू आणि मनुबाई येऊन गेलात त्याला महिना झाला. तू इथं होतास तेव्हा तुझ्याशी बोलायला मला सुचलं नाही, म्हणून आता लिहितोय.

विट्याच्या स्टँडवर मी आलो होतो, तुला ठाऊक नाही. उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभा होतो. तू एस्टीतून उतरलास आणि दादासोनं तुझ्या हातातून पिशवी हिसकावून घेतली. तीन दिवस ती पिशवी त्यानं दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. राहीबाई सांगत होती, रात्री उशाला घेऊन झोपला, आत तुझ्या गोळ्या होत्या त्यांचा चुरा झाला. तुझे केस पार पांढरे झालेत. मी मागल्या मागं सायकलवरून परत आलो.

गाळ्यात सुलाबाई तुला म्हणाली, पहिलं मशीन तुमी चालू करा. तू म्हणालास, "जॉबर मशीन चालू करत नसतो. बंद पडलं की बोलवा." बायका किती हसल्या. मग खरंच दहा मिनिटांत कोपऱ्यातलं एक मशीन अडलं आणि तू चष्मा कपाळावर चढवून त्याच्याखाली शिरलास. मी दाराशी उभा होतो. जावं का राहावं, कळत नव्हतं. खालूनच तुझा आवाज आला.

"धरणेंद्र, हवा येत न्हाई हितं."

एकोणीस वर्षांनी तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नंतर तीन दिवसांत आणखी तीन बोललास, मी मोजली.

मी आणि सृष्टीनं मग तेच काम धरलं. त्या कोपऱ्याखालचा बोगदा पोकळच आहे, त्याच्या तोंडाशी एक जुना पंखा बसवला आणि फरशीला चार जाळ्या केल्या. आता गरम हवा खाली ओढली जाते. मे महिन्याच्या शेवटी बाहेर पत्रा तापलेला असताना आत बायका पदर न हलवता शिवत होत्या. सृष्टी म्हणाली, काका, हे बाकीच्या गाळ्यांनाही करू. गिअरवाला विचारायला येऊन गेला. मला रोज दहा वाजता जावं लागतं, पिवळी टोपी दिली आहे. चंदनबाला म्हणते, टोपीत तुम्ही लग्नात दिसला होता त्यापेक्षा बरे दिसता.

सोळा मशिनं झालीत. आटपाडीच्या पहिल्या बागेत आपली कापडं लागली त्या दिवशी सुलाबाई स्वतः बघायला गेली होती. वाऱ्यानं तीन निघाली, तर आल्या आल्या तिनं बांधायच्या नाड्या दुप्पट लांब केल्या आणि सगळ्यांना ओरडली. तुझी सोसायटी व्यवस्थित चाललीय. सेक्रेटरी लांब राहतो अशी तक्रार मात्र दादासो करतो. तुमचं जुनं घर तो झाडून घेतोय, कौलं बदलतोय. मनुबाईंनी त्याला काय सांगितलंय, तुला माहीत असेल.

परत जाताना तुम्ही एस्टीत बसलात, तेव्हा मी लपलो नाही. खिडकीखाली येऊन उभा राहिलो. मनुबाई चंदनबालाचा हात सोडेनात. तू समोर बघत होतास. गाडी सुरू झाली तशी तू मान खाली केलीस आणि म्हणालास, "पत्रं लिवत जा. अक्षर जरा मोठं काड, वाचताना लय तरास हुतो."

कंडक्टरनं घंटी मारली. मी काही बोलायच्या आत गाडी वळली.

म्हणजे सगळी वाचलीस तू.

हे मोठ्या अक्षरात लिहिलंय. एवढ्यालाच पाच पानं लागली. कागदाचं नवं पॅड आणलंय.

तुझा,
धरणेंद्र